घारापुरीचा एक दिवस

सुटी आली म्हणजे लांब कोठें तरी गेलेंच पाहिजे, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे समजूत होऊन बसली आहे. जितके मैल अधिक तितका आनंद अधिक, असें कांहींसें त्रैराशिक मांडलें जातें. त्यामुळें अंदमानला जाऊन आलेलीं कुटुंबें आमच्या डोंबिवलींत पुष्कळ भेटतात. परंतु गेटवेपासून लाँचीनें तासाभराच्या अंतरावर असलेल्या घारापुरीस पुरता एक दिवस काढून गेलेलीं माणसें विचारूं लागल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच निघतात. ज्यांनीं तें बेट पाहिलें आहे त्यांनींहि बहुधा शाळेच्या सहलींत पाहिलेलें असतें, आणि त्यांच्या स्मरणांत राहिलेलें असतें तें डबा पळविणारें एखादें माकड! पिकतें तेथें विकत नाहीं, हेंच खरें.

माझें म्हणणें असें कीं, चार माणसांनीं मिळून सुटी घालविण्यास लहान बेटाइतकें सोयीचें स्थळ नाहीं. आणि त्याचें कारण तें लहान आहे हेंच. डोंगरावर गेलें तर मंडळी चार वाटांनीं पांगते, शहरांत गेलें तर चार दुकानांत शिरते. बेटाला चोहोंकडून पाण्याचें कुंपण असतें, पाहण्यासारख्या वस्तु मोजक्या असतात, आणि परतीची लाँच निघेपर्यंत कोणालाहि दुसरीकडे जातां येत नाहीं. हें मीं कोणत्या ग्रंथांत वाचलेलें नाहीं. गेल्या माघ महिन्यांतल्या एका रविवारीं अनुभवलेलें आहे.

आमच्या घरीं आम्ही नऊ माणसें. मी व सौ., ऐंशी ओलांडलेली माझी आत्या, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याचा अकरा वर्षांचा मुलगा व धाकट्याची सात वर्षांची मुलगी. एका छपराखालीं नांदणारें कुटुंब म्हणून शेजारीपाजारीं आमचें कौतुक होतें. वस्तुस्थिति अशी कीं, थोरला पहांटेची गाडी गाठतो, धाकटा आठाची. थोरल्या सुनेचें काम रात्रीं परदेशच्या घड्याळावर चालतें, आणि धाकटी ठाण्याच्या एका शाळेंत शिकविते. आमच्या एकत्र कुटुंबाचा खरा कर्ता मी नसून लोकलचें वेळापत्रक आहे, असें मी विनोदानें म्हणत असें.

त्यांत यंदा आणखी एक गोष्ट झाली. आमची चाळीस वर्षांची इमारत पुनर्विकासासाठीं पाडली जाणार, हें ठरलें. चैत्रापासून तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावयाचीं. नऊ माणसांना पुरेल असें एक घर मिळेना, तेव्हां दोन घरें पाहण्यांत आलीं. एक येथेंच स्टेशनाजवळ व दुसरें ठाण्याला. इथपर्यंत कांहीं बिघडत नव्हतें. परंतु नवी इमारत उभी राहिल्यावरहि धाकटा ठाण्यालाच राहणार आहे, हें घरांतल्या भिंतींना कळलें होतें. तोंडानें मात्र कोणी बोलत नव्हतें. तो बोलत नव्हता माझ्याकरितां, मी बोलत नव्हतों त्याच्या आईकरितां, आणि ती बिचारी आम्हां दोघांकरितां. सौ.चें मागणें एकच होतें, "खोकीं बांधायला घ्यायच्या आधीं एकदां सगळ्यांनीं मिळून कुठें तरी जाऊन येऊं." गोवा निघाला, महाबळेश्वर निघालें, पण सर्वांची समाईक सुटी शोधतां एकच रविवार हातीं लागला. एका दिवसांत पुरें होणारें स्थळ म्हणून घारापुरी ठरली.

आत्याला गर्दींतून न्यावें लागूं नये म्हणून पहांटेची गाडी धरली. बोरीबंदरावरून टॅक्सी करून आम्ही गेटवेला पोहोंचलों. लाँची साधारणपणें नऊपासून सुटूं लागतात. चढतांच प्रत्येकाला तरंगतें जाकीट घालावयास लावलें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावर नौदलाची एक वेगवान नौका प्रवाशांच्या लाँचीवर आदळून अनेक माणसें दगावलीं. ती गोष्ट मुलांना भीति वाटूं नये अशा बेतानें, पण स्पष्टपणें सांगितली. पाण्यावर जाणाऱ्यानें पाण्याचा मान ठेवावा, इतकें त्यांना पटलें.

अंतर सुमारें दहा किलोमीटरांचें आहे. पण तेवढ्यांत किती गोष्टी दिसतात! थंडीच्या दिवसांत लाँचीच्या मागें पांढऱ्या पक्ष्यांचा थवाच्या थवा उडत असतो. एका बाजूला जवाहर द्वीप आणि तेथील तेलाचे धक्के, दूर ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचा घुमट, पलीकडे न्हावा-शेवा बंदरांतल्या प्रचंड याऱ्या, आणि जानेवारी २०२४ मध्यें खुला झालेला, जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतु. नातवाला या याऱ्यांचें कौतुक वाटत होतें. मीं त्याला सांगितलें कीं, बंदर म्हणून या खाडीची कीर्ति आजची नाहीं. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखांत कोंकणच्या मौर्यांचा पराभव आणि 'पुरी' नांवाच्या समुद्रकांठच्या संपन्न नगरीवर चालून गेलेलें आरमार यांचें वर्णन रविकीर्ति कवीनें केलें आहे. ती पुरी म्हणजेच ही घारापुरी, असें कित्येक विद्वान् मानतात. कित्येक जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवितात. वाद मिटलेला नाहीं. पण ज्या बेटाकडे आपण डबे घेऊन निघालों आहों, तेथें कदाचित् एखाद्या राजधानीच्या रक्षणासाठीं लढाऊ जहाजें उभीं होतीं, एवढी शंकाहि अकरा वर्षांच्या मुलाला पुरेशी असते.

"पण एलिफंटा म्हणजे हत्ती ना? मग हत्ती कुठें आहे?" हा नातीचा प्रश्न. या बेटाच्या धक्क्याजवळ एक भव्य दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनीं बेटाला हें नांव दिलें. तो हत्ती आतां बेटावर नाहीं, हें ऐकून ती इतकी खट्टू झाली कीं, "तो जेथें आहे तेथें तुला नेऊन दाखवीन," असें वचन मला लाँचींतच द्यावें लागलें.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहान मुलांच्या खेळांतल्यासारखी झुकझुक गाडी आहे. पुढें सुमारें सव्वाशें पायऱ्या. दोहों बाजूंना माळांचीं, दगडी हत्तींचीं, टोप्यांचीं दुकानें, आणि मधूनमधून कैऱ्या, चिंचा, बोरें घेऊन बसलेल्या गांवच्या बायका. चढवत नाहीं त्यांना डोलीची सोय आहे. आत्यानें प्रथम "मी काय नवरी आहें?" म्हणून डोली नाकारली, आणि विसाव्या पायरीवर निमूटपणें तींत बसली. बेटावर राजबंदर, मोरबंदर व शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईच्या दिव्यांचा झगझगाट रोज रात्रीं समोर पाहणाऱ्या या वस्त्यांत समुद्राखालून तार टाकून कायमची वीज आली ती २०१८ सालीं. लिंबाचें सरबत देणाऱ्या एका बाईनें सौ.ला सांगितलें, "वीज आली तेव्हां पोरांनीं रात्रभर दिवे मालवूंच दिले नाहींत." तीर्थक्षेत्रीं जावें तसें बेटावरहि केवळ दगड पाहून परतूं नये, तेथल्या माणसांशीं चार शब्द बोलावे.

आतां मुख्य लेणें. तें उत्तराभिमुख आहे. पूर्वेस व पश्चिमेस मोकळे चौक असल्यामुळें उजेड तिन्ही बाजूंनीं आंत येतो. अखंड काळ्या पाषाणांत कोरलेला सुमारें चाळीस मीटर लांबरुंद सभामंडप, आणि उशी दाबून बसवावी तशा शिरोभागांचे भक्कम खांब. लोक आंत शिरतात, छायाचित्रें काढतात, आणि पाऊण तासांत बाहेर पडतात. मीं मात्र सर्वांना मधल्या खांबांपाशीं पंधरा मिनिटें स्वस्थ बसविलें. उन्हांतून आलेल्या डोळ्यांना अंधाराची संवय होण्यास तेवढा अवधि लागतोच. हळूहळू समोरच्या भिंतींतून तीन पुरुष उंचीची ती महेशमूर्ति जणूं आपण होऊन पुढें येते. पुष्कळजण तिला त्रिमूर्ति समजून ब्रह्मा, विष्णु, महेश असें मोजतात. परंतु तीनहि मुखें शिवाचींच आहेत. मधलें शांत तत्पुरुष, आपल्या डाव्या हाताचें उग्र अघोर, आणि उजव्या हाताचें कोमल, स्त्रीसारखें वामदेव. सदाशिव पंचमुख, उरलेलीं दोन मुखें मागें व वर मानावयाचीं. एकाच देहावर राग, माया आणि शांति शेजारीं शेजारीं नांदतात. आत्या हात जोडून म्हणाली, "कोणाचा चेहरा कोणाला झांकत नाहीं, बघ." मीं इतकीं वर्षें संस्कृत शिकविलें, याहून चांगलें भाष्य मला तरी सुचलें नसतें.

हें लेणें कोणीं कोरविलें तें लेणें स्वतः सांगत नाहीं. येथील एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला गेल्याचें त्या काळच्या पोर्तुगीज इतिहासकारानें नमूद केलें आहे. पुढें तो सांपडला नाहीं. कलचुरि राजा कृष्णराज याचीं नाणीं बेटावर मिळालीं, त्यावरून व शिल्पांच्या घडणीवरून सहाव्या शतकाचा मध्य हा काळ बहुतेक विद्वान् मानतात. मूर्तींचे हातपाय पुष्कळ ठिकाणीं तुटले आहेत; पोर्तुगीज काळांत नासधूस झाल्याचें सांगतात. इतकेंच नव्हे, तर १८७५ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या इंग्लंडच्या युवराजाला या मंडपांत मेजवानी देण्यांत आली होती. १९८७ सालीं युनेस्कोनें हीं लेणीं जागतिक वारसा म्हणून जाहीर केलीं.

शिल्पपट पाहण्याचा क्रम मीं घरगुती ठेवला. अगोदर नैर्ऋत्येकडील कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचा विवाह. पार्वती खालीं मान घालून उभी आहे, आणि वधू म्हणून पतीच्या उजव्या हाताला आहे; ब्रह्मदेव भटजी होऊन अग्नीपाशीं बसले आहेत. हें सुनांनीं बरोबर ओळखलें. मग महेशमूर्तीच्या एका अंगाचा अर्धनारीश्वर, जेथें दोघांचा देहच एक झाला आहे. मग दुसऱ्या अंगाचा गंगाधर. वरून तीन मुखांची गंगा उतरते आहे, आणि पार्वती शेजारीं उभी आहे ती किंचित् अंग चोरून. "सवत डोक्यावरच येऊन बसली, दुसरें काय करील?" असें सौ. म्हणाली तेव्हां परकीं माणसेंहि हंसलीं. मग पूर्वेच्या बाजूस कैलासावरील उमामहेश्वर. तेथें पार्वतीनें तोंड फिरविलें आहे, रुसवा सरळ दिसतो, आणि मागें एक स्त्री मूल घेऊन उभी आहे. लग्न, एकरूपता, संशय, रुसवा, मूलबाळ! देवाचा झाला तरी तो संसारच.

त्याच्या समोरच, दक्षिणेच्या अंगास, रावणानुग्रहाचा पट आहे. तो बराच झिजला आहे. समजावून घ्यावा लागतो. लंकापतीनें खालून कैलास उचलून गदगदा हलविला, आणि शिवानें पायाच्या अंगठ्यानें तो नुसता दाबून स्थिर केला, ही कथा. संस्कृत कवींनीं या प्रसंगावर मोठी गंमत केली आहे. पर्वत हलला तशी रुसलेली पार्वती भ्याली, आणि रुसवा विसरून पतीला बिलगली! हें मी सांगत होतों तेव्हां बायका व मुलें चौकांतल्या उन्हांत गेलीं होतीं. जवळ उरला तो धाकटा. तो त्या झिजलेल्या रावणाकडे पाहत थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला,

"अण्णा, म्हणजे आपल्या घरांतला रावण मीच म्हणायचा."

मी म्हणालों, "या पटाचें नांव ऐकलेंस का? रावणाचें पारिपत्य नव्हे, रावणानुग्रह. ज्यानें घर हलविलें त्याच्यावरच शेवटीं कृपा झाली."

त्यावर तो मोकळेपणानें बोलला. "मला वेगळें व्हायचें नाहीं, अण्णा. पण हिची शाळा तिथें आहे. माझे रोजचे दोन तास गाडींत जातात. मी येतों तेव्हां पोरगी झोंपलेली असते. रविवारीं ती माझ्याशीं पाहुण्याशीं बोलावें तशी बोलते."

या शेवटच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि असावें असेंहि वाटेना. एकत्र कुटुंब टिकावें हें खरें; पण तें ज्या मुलांकरितां टिकवावयाचें, त्यांना बापाची ओळख राहणार नसेल तर त्या एकत्रपणाला नुसत्या भिंतीच उरतात. मीं इतकेंच म्हटलें, "ठाण्यालाच राहा. गणपति मात्र डोंबिवलीला. आणि दर रविवारीं कोणाकडे तरी सगळ्यांनीं जेवायचें. एकदां तुमच्याकडे, एकदां आमच्याकडे." तो कांहीं बोलला नाहीं. आम्ही चौकांत आलों. सौ.ला सांगावयास फारसें नव्हतेंच, तिनें दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलें आणि विचारलें तें हें, "त्या ठाण्याच्या जागेंत देवघराला कोनाडा आहे कीं नाहीं, तें मला आधीं बघायचें आहे."

दुपारीं लेण्यापासून खालीं येऊन झाडाखालीं डबे सोडले. तिखटामिठाच्या पुऱ्या, दडपे पोहे आणि गुळपापडी. थोरल्यानें काठी घेऊन माकडांवर पहारा केला; तरी एक वडी गेलीच. जेवणानंतर धडधाकट मंडळी त्याच डोंगरावरचीं बाकीचीं लहान, अर्धवट राहिलेलीं लेणीं पाहून वर तोफांपर्यंत जाऊन आली. तेथून खाडीचा सारा देखावा दिसतो. पूर्वेकडच्या दुसऱ्या टेंकडीवर बौद्धांचे प्राचीन स्तूप आहेत. तिकडे जाण्यास वेगळा वेळ ठेवावा लागतो. आम्ही म्हातारीं माणसें तिवरांच्या कांठीं बसून ओहोटी पाहत राहिलों. ज्यांना बेटावर 'करण्यासारखें' काय आहे असा प्रश्न पडतो, त्यांना मी सांगेन कीं ओहोटी पाहणें हाहि एक उद्योग आहे. पाणी मागें सरतें, चिखल उघडा पडतो, त्यांत खेंकडे हिंडूं लागतात, पक्षी उतरतात. नातवाच्या हातांतला मोबाईल त्या तासांत एकदांहि वर आला नाहीं.

जाणाऱ्यांसाठीं चार गोष्टी लिहून ठेवितों. सोमवारीं लेणीं बंद असतात. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं लाँची सुटत नाहींत. म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. शक्य असेल त्यांनीं रविवार टाळावा. पहिल्या लाँचीनें जावें, आणि मुक्कामाची सोय नसल्यामुळें शेवटच्या लाँचीची वेळ उतरतांच विचारून ठेवावी. पाणी, टोपी व घट्ट पायताण हवें. लेण्यांत कांहीं खाऊं नये, कोणत्याहि मूर्तीला हात लावूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सर्व कांहीं पाहण्याचा हट्ट धरूं नये. नऊ शिल्पपटांपैकीं चारच पाहिले, पण ते बसून पाहिले, तर घरीं येतांना कांहीं तरी बरोबर येतें.

चैत्रांत आमच्या चुली दोन झाल्या. ठाण्याच्या जागेंत कोनाडा निघाला. रविवारचा नेम अजून तरी चुकलेला नाहीं. त्यांतल्याच एका रविवारीं, दिलेल्या वचनाप्रमाणें, दोन्ही नातवंडांना घेऊन मी भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेलों. तेथें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ घारापुरीचा तो हत्ती उभा आहे. १८१४ सालीं त्याची मान गळून पडली. १८६४ सालीं त्याचे तुकडे येथें आणले. आणि १९१४ सालीं ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. मुलांनीं त्याला प्रदक्षिणा घातली.

"इतकीं वर्षें हा इथें आहे," नातू म्हणाला, "तरी बेटाचें नांव एलिफंटाच?"

"हत्ती कुठेंहि राहिला तरी बेट त्याचेंच ना," नात त्याला समजावून सांगूं लागली. "मी नाहीं का ठाण्याला राहतें आणि डोंबिवलीची आहें?"

शाळेंत मीं हजारों वाक्यें तपासलीं. या वाक्यांत मला कोठेंहि खूण करावीशी वाटली नाहीं.